देवीची लस आणि सक्ती: कायदा कुठे चालला, कुठे अडला

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सव्वाशे वर्षांपूर्वीचा आपल्या भागाचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. सोलापूर इंग्रजी मुलखात. तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे. अक्कलकोट हे वेगळं संस्थान. मंगळवेढा सांगलीकर पटवर्धनांचं. बैलगाडीनं सकाळी निघालेला माणूस दिवस मावळेपर्यंत दुसऱ्या राज्यात पोचलेला असायचा. मागावर काम शोधायला येणारे, गिरणीत लागलेले, पंढरीच्या वारीला निघालेले, गड्ड्याच्या यात्रेला आलेले, सगळे या हद्दी रोज ओलांडत होते. आणि लस टोचून घेण्याची सक्ती करणारा कायदा मात्र नगरपालिकेच्या नाक्यापाशी संपत होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सक्तीच्या लसीकरणाचा इतिहास सांगताना आपण दंड किती होता, तुरुंग किती दिवसांचा होता, लोक रस्त्यावर कुठं उतरले, एवढंच सांगतो. पण कायद्याला जोर होता की नव्हता, हे कलमांवरून ठरलंच नाही. लस टोचणाऱ्याच्या हातात येईपर्यंत जिवंत होती का, मूल नेमकं कुठं आहे हे त्याला कळलं का, आणि आठ दिवसांनी फोड धरला की नाही हे पाहायला कुणी परत आलं का, यावर ते ठरलं.

रोगाबद्दल थोडक्यात, कारण आज समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. देवीचा विषाणू माणसातच राहतो, दुसऱ्या कुठल्या प्राण्यात नाही. लागण झाल्यापासून साधारण बारा दिवस काहीच दिसत नाही. मग सणसणून ताप, पाठदुखी, आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ. कांजिण्यांचे फोड छाती-पोटावर जास्त, वरवरचे, आणि एकाच वेळी काही नवे तर काही सुकलेले असे असतात. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर, अगदी तळव्यांवर. टणक, खोल, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेतले. जबर प्रकारात शंभरातली तीसएक माणसं दगावायची. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहायचे, काहींचे डोळे जायचे. औषध शेवटपर्यंत नव्हतं. पण एकदा होऊन गेली की पुन्हा सहसा होत नाही, हे सगळ्या जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

त्या माहितीवरच लशीच्या आधीचा उपाय उभा होता. देवीच्याच फोडातला पू किंवा खपली निरोगी माणसाच्या कातडीत टोचायची. बंगालात हे काम करणारे टिकादार पिढ्यान्‌पिढ्या होते. हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १७६७ साली त्यांच्या पद्धतीचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं आहे. यात शंभरातली एखाद-दोन माणसं मरायची. तीसच्या मानानं हे फारच थोडं. अडचण दुसरीच होती. असं टोचलेला माणूस खरी देवी घेऊन हिंडायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. पुढं लशीचे कायदे झाले, तेव्हा बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी हीच जुनी टोचणी बंद करण्यात आली. १८४० च्या इंग्लंडच्या कायद्यानं तेच केलं. १८८० च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानंही तेच केलं, आणि वर असंही लिहिलं की अशी टोचणी करून घेतलेल्यानं चाळीस दिवस दाखल्याशिवाय कायद्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

जेन्नरनं १४ मे १७९६ रोजी गोस्तन देवीचा, म्हणजे गाईच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य देवीची लस माणसाला टोचण्याचा, पहिला प्रयोग केला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. लस हिंदुस्थानात कशी आली, ते मात्र नसतं. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, मग बसरा, आणि बसऱ्याहून जहाजानं मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. हिंदुस्थानात धरलेली ही पहिली लस. तिच्या फोडातलं पाणी घेऊन दुसरी मुलं टोचली, त्यांच्यावरून पुणं, मद्रास, आणि पुढं सगळा देश.

या दंडावरून त्या दंडावर नेण्याच्या पद्धतीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण सक्तीची निम्मी गुंतागुंत इथं आहे. मुलाला टोचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी येते. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी भरतं. आठव्या दिवशी ते पाणी स्वच्छ आणि भरपूर असतं. लस म्हणून घ्यायचं ते त्या दिवशीच. दोन दिवस उशीर झाला की त्याचा पू होतो आणि तो कुचकामी. म्हणजे दर आठवड्याला, ठरल्या वारी, ताजं फोड आलेलं एक निरोगी मूल आणि त्याच्या शेजारी न टोचलेली चार-पाच मुलं एका जागी जमली पाहिजेत. एक आठवडा चुकला की साखळी तुटली, आणि पुन्हा लांबून लस मागवा.

आता आईच्या बाजूनं बघा. पोराला टोचून घेणं एक गोष्ट. आठव्या दिवशी त्याला परत नेऊन, दुखऱ्या फोडाला पुन्हा टोचू देऊन, त्यातलं पाणी परक्याच्या पोरासाठी काढू देणं ही वेगळीच गोष्ट. त्यात जात आली. अमक्या जातीच्या मुलाच्या फोडातलं पाणी आमच्या मुलाच्या अंगात नको, ही तक्रार देशभर होती. ती नुसती जातीची कुरकुर नव्हती, हेही मान्य करायला हवं. एका अंगातलं दुसऱ्या अंगात नेताना रोग जाऊ शकत होते. इटलीत रिव्हाल्टा गावी १८६१ साली एका मुलाच्या फोडातून टोचलेल्या त्रेसष्ट मुलांपैकी चाळीसहून अधिक मुलांना उपदंश, म्हणजे गरमीचा रोग, झाला. डॉक्टर मंडळी बराच काळ हे नाकारत राहिली आणि आया घाबरत राहिल्या. यात आयांचं बरोबर होतं. आणि इंग्लंडचा १८७१ चा कायदा काय म्हणतो? फोडातलं पाणी काढू दिलं नाही तर दंड. माझ्या मते सक्तीच्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चुकीचं कलम हेच.

सक्ती पहिल्यांदा आली ती बव्हेरियात, १८०७ मध्ये. मग डेन्मार्क, स्वीडन. इंग्लंडनं १८५३ मध्ये तीन महिन्यांच्या आत मुलाला टोचण्याची सक्ती केली, पण अंमल करायला माणूसच नेमला नाही. १८६७ मध्ये एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करण्याची सोय आली, आणि १८७१ मध्ये प्रत्येक ठिकाणी लस अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. खरा असंतोष त्यानंतरचा. पैसेवाला वीस शिलिंग भरून मोकळा व्हायचा. मजुराचं घरसामान जप्त व्हायचं, ते नसेल तर तुरुंग. लेस्टर शहरात हजारो खटले झाले आणि १८८५ साली तिथं प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये सद्‌सद्विवेकाला पटत नाही असं दंडाधिकाऱ्यापुढं सांगणाऱ्याला सूट मिळाली, १९०७ मध्ये ती सोपी झाली, आणि १९४८ पासून सक्ती संपली.

लेस्टरकरांनी मात्र नुसता विरोध केला नाही. रोगी सापडला की लगेच कळवायचं, त्याला इस्पितळात वेगळं ठेवायचं, घरच्यांवर पाळत ठेवायची, कपडे-बिछाने निर्जंतुक करायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

जर्मनीनं १८७४ मध्ये वेगळी वाट धरली. लहानपणी एकदा आणि बाराव्या वर्षी शाळेत पुन्हा. कारण एकदा टोचलेली लस जन्मभर पुरत नाही, हे त्यांनी वेळेत मानलं. इंग्लंडच्या कायद्यात दुसरी टोचणी नव्हतीच. ब्राझीलमध्ये रिओ शहरात नोव्हेंबर १९०४ मध्ये सक्तीविरुद्ध दंगल पेटली, सरकारनं माघार घेतली, आणि १९०८ मध्ये त्याच शहरात देवीची मोठी साथ आली. अमेरिकेत १९०५ साली सर्वोच्च न्यायालयानं सक्ती वैध ठरवली. त्या खटल्यातला दंड होता पाच डॉलर. दंड भरा आणि टोचू नका, असं करता येत होतं. धरून टोचण्याचा हक्क कुणाला दिलेला नव्हता.

आता आपल्याकडे. मुंबई इलाख्यात १८२७ पासून एक चांगली व्यवस्था होती. टोचणाऱ्यानं दवाखान्यात बसून लोकांची वाट पाहायची नाही. ठरवून दिलेल्या गावांतून हिंडत राहायचं, आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्यानं मागून जाऊन फोड धरले का ते तपासायचं. लोक या माणसाला देवी डॉक्टर म्हणत. गावात तो आला की पाटलानं दवंडी पिटायची, चावडीवर मुलं जमवायची.

मुंबई शहरासाठी सक्तीचा कायदा १८७७ मध्ये झाला. १८८० चा हिंदुस्थान सरकारचा कायदा लष्करी छावण्यांना आणि पंजाब, वायव्य प्रांत, मध्य प्रांत वगैरे भागांतल्या नगरपालिकांना लावता येण्याजोगा होता. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ चा मुंबई जिल्हा लसटोचणी कायदा आला. सरकारनं ज्या भागाला लावला तिथंच तो लागू. १८८० च्या कायद्याचा मजकूर वाचण्यासारखा आहे, कारण अंमलबजावणी कशी कल्पिली होती ते त्यात स्पष्ट दिसतं. सहा महिने पूर्ण झालेलं, लस न घेतलेलं मूल हंगामात महिनाभर हद्दीत राहिलं, की पालकानं त्याला टोचणाऱ्याकडे न्यायचं. मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत. मुलगी मात्र आठ वर्षांची होईपर्यंतच. आठ वर्षांपुढच्या मुलीचा हात परपुरुषानं धरायचा, यावरून वाद नको म्हणून कायद्यानंच पाय मागं घेतला. मग तपासणीला पुन्हा आणायचं. फोड धरला असेल तर दाखला. मूल आजारी असेल तर मुदतवाढीचा दाखला. वारंवार टोचूनही धरत नसेल तर लस लागत नाही असा दाखला. आलं नाही तर नोटीस, मग दंडाधिकाऱ्याचा हुकूम, आणि तो मोडला तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई.

कागदावर हे सगळं पक्कं आहे. आता ते सोलापुरातल्या एखाद्या पेठेत लावून बघा.

पहिली अडचण यादीची. मूल जन्मलं हे कळलं तर ते सहा महिन्यांचं कधी होणार हे कळेल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्माची नोंद माहेरच्या गावी, समजा बार्शी तालुक्यात. तीन-चार महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी, सोलापुरात. तिकडच्या यादीत नाव आहे पण मूल नाही. इकडे मूल आहे पण यादीत नाव नाही. बऱ्याच नोंदीत नावही नसायचं, कारण नोंद बारशाच्या आधीची. अमक्याची मुलगी, एवढंच. माहेर नळदुर्गाकडचं असेल तर विचारायलाच नको, ती नोंद परराज्यातली. शहरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी वस्ती शेजारी शेजारी. पूर्व भागात विणकराच्या दारात उभं राहून मराठी नोटीस वाचून दाखवण्यात काय अर्थ होता? हातमागावर अख्खं घर राबतं. मुलाला ताप आला, आई दोन दिवस त्याच्यापाशी बसली, की कांड्या भरायच्या राहिल्या आणि माग थांबला. तो तोटा कुठल्याही दंडाच्या आधी डोळ्यांसमोर असायचा.

दुसरी अडचण हंगामाची. टोचणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात लस मरते, आणि टोचलेली जखम घामानं, धुळीनं, माश्यांनी चिघळते. म्हणून होळी झाली की काम बंद. पण देवीची साथ चढायची ती नेमकी थंडी सरता सरता, आणि उन्हाळ्यात कळसाला पोचायची. म्हणजे लोकांना गरज वाटे तेव्हा टोचणारा नसे, आणि टोचणारा येई तेव्हा देवी कुठं दिसत नसे. पावसाळा संपला, रोग नाही, पोर खेळतंय, आणि हा माणूस त्याला दुखवायला आलाय.

आणि घरात देवी आलेली असली तर? मग तर सुई लावायचीच नाही. घरात फोडणी बंद, तळण बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाहेरच्यानं आत यायचं नाही, दहीभाताचा नैवेद्य. याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देणं सोपं आहे. बाहेरच्यानं आत यायचं नाही, हा त्यातला भाग मात्र साथ रोखायला उपयोगी होता. नडत होतं ते एवढंच की घरातल्या दुसऱ्या मुलांना त्या दिवसांत लस टोचू दिली जात नसे. लागण झाल्यावर तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली तर देवी टळते किंवा सौम्य होते, कारण लशीची ताकद रोगाच्या बारा दिवसांच्या आत तयार होते. ती संधी घराघरात वाया जायची.

लस मरते म्हणजे काय, ते आता बघू. मुलाच्या दंडावरून घेण्याऐवजी वासराच्या अंगावर लस पिकवायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. आपल्या भागाला लस पुरवणारी संस्था होती बेळगावला. तिथल्या जागेला आजही लोक व्हॅक्सिन डेपोच म्हणतात. कृती अशी. निरोगी वासरू किंवा रेडकू काही दिवस वेगळं ठेवून पारखायचं. पोटाकडचे केस भादरायचे, कातडी धुवायची, तिच्यावर बारीक ओरखडे काढून त्यात बियाणं लस चोळायची. वासराला स्वच्छ जागी बांधायचं, पोट शेणा-मुताला लागू द्यायचं नाही. पाचेक दिवसांनी फोड भरले की ती जागा पुन्हा धुवून धारदार चमच्यानं खरवडून घ्यायची. जो लगदा मिळतो तो दळायचा आणि त्यात साधारण बरोबरीनं ग्लिसरीन मिसळायचं. ग्लिसरीन हा कोपमन यांचा १८९१ चा शोध. त्यानं लगद्यातले इतर जंतू हळूहळू मरतात, लशीचा विषाणू टिकतो. म्हणून ती लस लगेच वापरायची नाही. थंड जागी काही आठवडे मुरू द्यायची, मग बारीक काचनळ्यांत भरायची. घाई केली तर जंतू राहतात आणि हात सुजतो, पिकतो. फार मुरवली तर विषाणूही जातो.

ही नळी बर्फात आहे तोवर ठीक. अंगाच्या उष्णतेएवढ्या तापमानात ती दोन-तीन दिवसांत निकामी होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. टपालाच्या थैलीत, एस्टीच्या टपावर, नंतर टोचणाऱ्याच्या सायकलला लावलेल्या पिशवीत त्या नळीचं काय होत असेल? तरीही टोचणारा टोचतच राहतो, कारण डोळ्यांनी बघून लस जिवंत आहे की मेली हे कळत नाही. कळतं ते आठव्या दिवशी, दंड कोरडा बघून. आणि त्या दिवशी तो दुसऱ्या गावात असतो. नोंदवहीत मात्र लस टोचली, हे लिहून झालेलं. साथ आली, ते मूल देवीनं गेलं, की गाव म्हणणार: टोचलं होतं तरी गेलं. मेलेल्या लशीनं लोकांचा विश्वास जेवढा घालवला, तेवढा कुणाच्या प्रचारानं घालवला नसेल. गांधीजी लसीकरणाच्या उघड विरोधात होते आणि शेवटपर्यंत त्यांनी ते लपवलं नाही. पण गावातला बाप नाही म्हणायचा तो सहसा शेजारच्या घरात काय झालं ते पाहून.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. सगळ्या लोकसंख्येला तीन वर्षांत टोचायचं. आकडे भराभर वाढले, देवी काही गेली नाही. कारण आकडा टोचण्यांचा होता, माणसांचा नव्हता. दिवसाचा कोटा भरायचा तर सोपी जागा कोणती? शाळा. रांगेत उभी पोरं, मास्तर दम देणार. तीच पोरं मागच्या वर्षी टोचलेली. पाळण्यातलं मूल, पालावरचं मूल, उसतोडीला गेलेल्याचं मूल राहूनच गेलं. ज्यांना टोचून उपयोग नव्हता त्यांच्यावर सक्ती झाली, आणि ज्यांना गरज होती ते तिच्या वाटेलाच आले नाहीत.

हत्यारही वाईट होतं. टोकाला दाते असलेली धातूची चकती. कातडीवर लशीचा थेंब टाकायचा, चकती दाबायची आणि फिरवायची. दुखायचं, रक्त यायचं, जखम मोठी व्हायची, पिकायची. आज साठी-सत्तरीतल्या माणसांच्या हातावर जे रुपयाएवढे गोल वण दिसतात, ते बहुतेक या फिरकीचे. पोरं देवी डॉक्टर दिसला की शेतात पळायची, त्याचं कारण हे.

दोन गोष्टींनी चित्र पालटलं. एक, गोठवून वाळवलेली लस. लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या कोलियर यांनी पन्नासच्या दशकात लशीत पेप्टोन नावाचा प्रथिनांचा अर्क मिसळून ती वाळवण्याची रीत बसवली. ही पूड सदतीस अंशांत महिनाभर टिकते. आपल्या देशात ती गिंडी, पटवाडांगर, हैदराबाद आणि बेळगाव इथं होऊ लागली. रशियानंही भरपूर दिली. दुसरी, दुफाटी सुई. अमेरिकेतल्या बेंजामिन रुबिन यांनी केलेली, दोन इंचांहून थोडी लांब, टोकाला दोन बारीक फाटे. वापरायची रीत इतकी सोपी की दहा-पंधरा मिनिटांत कुणालाही शिकवता येते. पुडीच्या कुपीत सोबतचा पाव मिलिलिटर द्रव घालून विरघळवायची. कोरडी निर्जंतुक सुई बुडवून वर काढली की दोन फाट्यांच्या मध्ये नेमका एका माणसापुरता थेंब अडकतो. दंडाची जागा मळलेली असेल तर नुसत्या पाण्यानं पुसायची. स्पिरिट लावायचं नाही. ओलं राहिलं तर लस मरते. मनगट दंडावर टेकवायचं, सुई काटकोनात धरायची, आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या वर्तुळात झटपट पंधरा टोचे मारायचे. पंधरा-वीस सेकंदांत रक्ताचा ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही तर टोचे हलके पडले. भळाभळा आलं तर जोर जास्त झाला आणि लस धुवून गेली. पट्टी बांधायची नाही. विरघळवलेली लस त्याच दिवशी संपवायची, उरलेली टाकायची. सुया वीस मिनिटं उकळून पुन्हा वापरायच्या. पाव मिलिलिटरमध्ये शंभर माणसं होतात. जुन्या रीतीनं जेमतेम पंचवीस व्हायची.

आणि मग लेस्टर शहराच्या त्या पद्धतीची आठवण. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरांकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती, म्हणून त्यांनी रोगी शोधून त्याच्याभोवतीच्या माणसांनाच टोचलं. साथ विझली. भारतात हीच रीत १९७३ च्या पावसाळ्यानंतर जोरात सुरू झाली, मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये; रोग तेव्हा बहुतांशी तिथंच उरला होता. ठरल्या आठवड्यात घरोघर जाऊन देवी झालेल्या मुलाचं चित्र दाखवायचं: असं कुणी बघितलंय का? शाळेत, बाजारात, चहाच्या टपरीवरही विचारायचं. खबर देणाऱ्याला बक्षीस. ते वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेलं. रोगी सापडला की घराच्या पुढच्या-मागच्या दारावर रात्रंदिवस पहारेकरी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला टोचायचं. घरच्यांनी कामाला बाहेर पडू नये म्हणून त्यांच्या शिध्याची सोय करायची. गावातल्या सगळ्यांना टोचायचं, आसपासच्या गावांत शोध घ्यायचा. शेवटच्या रोग्यानंतर सहा आठवडे नवा सापडला नाही, तरच ते गाव यादीतून खाली.

सक्ती इथं पुन्हा आली, आणि या वेळी ती दंडाची नव्हती. खटला, नोटीस, दंडाधिकारी, याला पथकांकडे वेळच नव्हता. १९७४ साली देशात पावणेदोन लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले, त्यातले बहुतेक बिहारात. काही ठिकाणी पथकं मध्यरात्री गावात शिरली, दारं ढकलली, माणसांना धरून टोचलं. परदेशी डॉक्टरांनीच पुढं हे लिहून ठेवलं आहे. काम झालं म्हणून ते बरोबर, असं म्हणायला मी तयार नाही. जिथं दार फोडलं, तिथं पुढच्या शोधात लोक रोगी लपवू लागले, आणि शोधावर चालणाऱ्या कामात लपवलेला रोगी हाच सगळ्यांत मोठा धोका. जिथं पहारेकरी त्याच गावचा नेमला आणि घराला धान्य वेळेवर पोचलं, तिथं धरपकड करावी लागली नाही.

मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी आसामात करीमगंजला सापडला, तोही बांगलादेशातून आलेला. २३ एप्रिल १९७७ रोजी आंतरराष्ट्रीय आयोगानं भारत देवीमुक्त असल्याचा दाखला दिला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं सगळं जग. त्यानंतर लस थांबवली हेही योग्यच झालं. ही लस अगदी निर्धोक नव्हती. पहिल्यांदा टोचलेल्या दहा लाखांत एखादा मृत्यू व्हायचा, मेंदूला सूज यायची, इसब असलेल्या मुलाच्या अंगभर फोड पसरायचे. रोग समोर असताना हा धोका पत्करण्यासारखा होता, रोगच नाही म्हटल्यावर नव्हता. ब्रिटननं १९७१ मध्ये आणि अमेरिकेनं १९७२ मध्येच नेहमीची टोचणी बंद केली होती.

शेवटी श्रोत्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं.

आज लस सक्तीची करता येते का? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात येतो. पण सार्वजनिक आरोग्यासाठी लस न घेतलेल्यांवर सरकार काही मर्यादा घालू शकतं. त्या मर्यादा धोक्याच्या प्रमाणात असाव्यात आणि न्यायालयात तपासल्या जाव्यात, हीही अट आहे. १८८० च्या कायद्यातला बाप दंडाधिकाऱ्यापुढं असं काहीच मांडू शकत नव्हता.

दुसरा प्रश्न दंडावरच्या वणाचा: आपला वण देवीच्या लशीचा की बीसीजीचा? बीसीजी क्षयाची लस, आपल्याकडे जन्मतः डाव्या दंडावर देतात. तिचा वण लहान, साधारण वाटाण्याएवढा आणि एकच. देवीच्या लशीचा मोठा, थोडा खोलगट, कडेकडे बारीक रेघा गेलेल्या किंवा तळाशी टाचण्या टोचल्यासारखे खड्डे असलेला. फिरकीचा असेल तर बहुधा दोन किंवा जास्त वण, आणि कित्येकांना दंडाऐवजी कोपराखाली. जन्म १९८० नंतरचा असेल तर प्रश्नच नाही, तो वण बीसीजीचाच.